गुप्त वाङ्मयाची उघड समीक्षा

मराठी समीक्षकांनी हात लावायचे काय म्हणून शिल्लक ठेवले आहे? संतकाव्य झाले, पंडिती काव्य झाले, लावण्या झाल्या, नवकविता झाली, ग्रामीण झाले, दलित झाले. जात्यावरच्या ओव्यांपासून लग्नातल्या उखाण्यांपर्यंत प्रत्येक गोष्टीवर कुणी ना कुणी विद्वान चष्मा पुसून बसलेला आहे. पण एक वाङ्मय असे आहे, की ते वाचलेले नाही असा साक्षर माणूस सापडायचा नाही, आणि वाचले असे कबूल करणारा तर त्याहून सापडायचा नाही. रेल्वेच्या रुळांकडेच्या भिंतीवर ते असते, दवाखान्याच्या पाटीवर असते, मासिकाच्या शेवटून तिसऱ्या पानावर असते. त्याचे नाव गुप्तरोगाचे वाङ्मय.

हे नाव वाचून काही वाचकांनी एव्हाना पान उलटले असेल. काहींनी मागे कुणी उभे नाही ना, एवढे पाहून घेतले असेल. दोन्ही गोष्टी परंपरेला धरूनच आहेत. पण अंगावर एखादा लाल चट्टा उठला आणि मनात नको ती शंका आली, की माणूस याच वाङ्मयाला शरण जातो. म्हणून ते कसे लिहिले आहे, हे एकदा नीट पाहिले पाहिजे. बायकोच्या, पोराबाळांच्या जिवाशी गाठ असलेले लेखन आहे ते. कादंबरी वाईट निघाली तर फार तर रद्दीत जाते.

समीक्षा नावापासून सुरू करावी असा दंडक आहे. ‘गुप्त’ हा शब्द तसा घरंदाज. गुप्तदान केले की पुण्य जास्त, गुप्तधन सापडले की सात पिढ्यांचा उद्धार, गुप्तहेर म्हटला की तो देखणाच असणार, आणि गुप्तांच्या राजवटीला तर शाळेच्या पुस्तकाने सुवर्णयुगच करून टाकले आहे. मग याच शब्दाला ‘रोग’ चिकटला की एवढी अवकळा का यावी? वास्तविक मधुमेह वर्षानुवर्षे गुप्त असतो. त्याला कोणी गुप्तरोग म्हणत नाही. मूतखड्याइतका आत दडून बसलेला रोग नाही, पण लग्नाच्या पंगतीत लोक आपापल्या खड्यांची मापे सांगतात आणि ज्याचा मोठा त्याच्याकडे बाकीचे आदराने पाहतात. तेव्हा रोग गुप्त नसतो, रोगी गुप्त असतो. नाव मात्र रोगाला.

जुन्या मराठीत याला ‘गरमी’ आणि ‘परमा’ असे दोन सुटसुटीत शब्द होते. पैकी ‘गरमी’ने पुढे घोटाळा केला. मुंबईच्या हवेत हिंदी मुरली आणि नव्या पिढीची पोरे मे महिन्यात घरात शिरता शिरता ‘आई गं, काय गरमी आहे!’ असे खुशाल म्हणू लागली. आमच्या चाळीतल्या एक आजीबाई हे वाक्य ऐकले की अजून देवघराकडे पाहून कानांवर हात ठेवत. त्यांच्या काळात ज्याला गरमी होई त्याचे नाव घरात घेत नसत.

त्याहून जुना शब्द ‘फिरंग’. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात भावमिश्रांनी हा रोग याच नावाने नोंदला. फिरंगी आले, सोबत रोग आला, म्हणून फिरंग. पण खुद्द फिरंग्यांच्या मुलखात काय चालले होते? इटलीतले लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत, फ्रेंच लोक नेपल्सचा रोग म्हणत, रशियन पोलंडवर ढकलत. म्हणजे ज्याने त्याने शेजाऱ्याचे नाव द्यायचे. आपल्या हद्दीतला कचरा पहाटे झाडून शेजारच्या दारासमोर सारण्याची जी आपल्याकडे रीत आहे, तीच ही.

१५३० साली व्हेरोनाच्या फ्राकास्तोरो नावाच्या वैद्याने या रोगावर लॅटिन भाषेत एक लांबलचक कविताच रचली. तीत सिफिलस नावाचा एक मेंढपाळ आहे. तो देवाचा अपमान करतो आणि शिक्षा म्हणून त्याला हा रोग जडतो. त्या मेंढपाळावरून रोगाला ‘सिफिलिस’ हे नाव पडले. कवितेचा समाजावर काही परिणाम होत नाही अशी तक्रार करणाऱ्या कवींनी हे ध्यानात ठेवावे. एका कवितेने अख्ख्या जगाला पटवून दिले, की हा रोग म्हणजे शिक्षा. जंतू सापडायला पुढे १९०५ साल उजाडले. शाउडिन आणि हॉफमन या दोन जर्मनांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पकडला, तेव्हा तो साधा नागमोडी किडा निघाला. त्याला देवाधर्माची काही माहिती नव्हती. पण तोवर नावे ठेवून झाली होती, आणि त्यातले प्रत्येक नाव म्हणजे एक आरोप होता. ज्या वाङ्मयाची सुरुवातच आरोपपत्राने होते, त्याचा वाचक आरोपीसारखा अंग चोरून बसला तर नवल नाही.

आता या वाङ्मयाचा पहिला प्रकार घेऊ. तो म्हणजे पाटी. ‘त्वचा, गुप्तरोग व कुष्ठरोग तज्ज्ञ.’ हे तीन शब्द एकाच पाटीवर मांडणाऱ्याला वैद्यक येत असेल, माणूस येत नव्हता. केसात कोंडा झालेला सज्जन मनुष्य ती पाटी पाहून जिन्यावरून परत फिरतो. पूर्वी या डॉक्टरांच्या नावापुढे ‘डी.व्ही.डी.’ अशी पदविका असे. पुढे सिनेमाच्या तबकड्या त्याच नावाने निघाल्या, तेव्हा या मंडळींना केवढे हायसे वाटले असेल!

या पाटीखालचा बाक हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. तिथे प्रत्येकजण आपण कोणत्या खात्यात मोडतो ते न बोलता जाहीर करत असतो. टक्कल पडू लागलेले गृहस्थ सारखे डोक्यावरून हात फिरवतात. नायटा कोपरावर असला तर थंडीतही बाही दुमडलेली असते. मुरुमवाली मुलगी निर्धास्त. तिचा पुरावा तोंडावरच. खरजेचे पोर घेऊन आलेली आई तर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ‘शाळेतून आणलीन् हो’ म्हणून सांगते. उरला तो बिचारा, ज्याच्याकडे दाखवण्यासारखे काही नाही. तो मासिक वाचत बसतो. ते उलटे धरले आहे, हे समोरच्या सगळ्यांना दिसत असते.

तरीपण पाटीवरच्या या शेजाराला कारण आहे. सिफिलिसला उपदंश म्हणतात. तो आपला मजकूर कातडीवरच लिहितो. दुसऱ्या पायरीला अंगभर पुरळ उठते, तळहातांवर आणि तळपायांवरसुद्धा. ते गोवर वाटेल, पित्त वाटेल, औषधाची रिअॅक्शन वाटेल. कुणाचीही हुबेहूब नक्कल करतो म्हणून इंग्रज डॉक्टर त्याला ‘थोर नकलाकार’ म्हणत आले. तेव्हा कातडी वाचता येणाऱ्या माणसाकडेच हा रोग सोपवणे भाग होते. गोम अशी, की कातडी ही लेखिका म्हणून फार तोकडी. तिच्याजवळ शब्द मोजून चार-पाच: लाल होणे, खाजणे, सुजणे, फोड येणे, सोलवटणे. एवढ्याशा भांडवलावर तिला घामोळ्यापासून उपदंशापर्यंत सगळे सांगायचे असते. साहजिकच तेच वाक्य ती दहा अर्थांनी वापरते. आणि घाबरलेला वाचक त्यातला अकरावा अर्थ काढतो.

आमच्या हापिसातल्या एका हेडक्लार्कांचेच पाहा ना. मनुष्य इतका सरळ, की स्टेपलरच्या पिनासुद्धा सहीशिवाय घेत नसत. हापिसच्या कामाला नागपूरला गेले, तीन रात्री लॉजवर राहिले. परत आल्यावर पंधरा दिवसांनी जांघेत चट्टा उठला. गोल, लाल, कडेने उठावदार, आणि खाज अशी की डिक्टेशन देता देता वाक्य अर्धे राहायचे. त्यांनी निदान स्वतःच केले: लॉजची चादर! झाले. त्या दिवसापासून घरात त्यांचा टॉवेल वेगळा, साबण वेगळा, अंथरूण वेगळे. बायकोने कारण विचारले तर म्हणाले, ‘पाठ दुखते.’ पाठीचा आणि साबणाचा संबंध त्या माउलीच्या लक्षात येईना. पण लॉज, नागपूर आणि वेगळे अंथरूण यांची बेरीज तिने केली, आणि ती माहेरी निघून गेली. एका चट्ट्यापायी वीस वर्षांचा संसार मोडायला आला, आणि दोघांपैकी एकाच्याही तोंडून शब्द फुटेना. कारण त्या शब्दाचे नावच गुप्त!

तीन महिने हेडक्लार्क त्या पाटीसमोरून रोज येत-जात होते. वर मात्र चढले नाहीत. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून ‘मित्रासाठी’ म्हणून एक ट्यूब आणली. ती लावली की चट्टा दोन दिवस फिका पडे, आणि तिसऱ्या दिवशी शेजारी त्याला धाकटा भाऊ झालेला असे. अखेर भावकी पोटापर्यंत पोचली तेव्हा ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी अर्धा मिनिट पाहिले आणि एकच शब्द उच्चारला, ‘गजकर्ण.’ घामेजलेली टेरिलिनची पँट, लोकलची गर्दी आणि न वाळलेले कपडे यांनी दिलेली साधी बुरशी ती. ट्यूबमध्ये स्टेरॉइड होते. त्याने लाली दबते, खाज थांबते, आणि खालून बुरशीला मोकळे रान मिळते. या मलमांनी देशभर असा उच्छाद मांडला, की २०१८ साली सरकारला चौदा स्टेरॉइड मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायची म्हणून यादीत घालावी लागली. आणि चादर? उपदंशाचा जंतू अंगाबाहेर कोरड्या चादरीवर टिकाव धरत नाही. चादरीवरून फार तर खरूज येईल. ती कुणालाही होते, रात्री जास्त खाजते, आणि घरातल्या सगळ्यांनी एकदम औषध लावले तर जाते. हेडक्लार्कांच्या पत्नी परत आल्या. हल्ली दोघांचा साबण एकच आहे, आणि नागपूरचे नाव निघाले की दोघेही हसतात. ती अगोदर हसते.

दुसरा प्रकार भिंत. कल्याणहून दादरकडे येताना लोकलच्या दारातून हे वाङ्मय जितके वाचले गेले असेल, तितके कुठल्याही ग्रंथालयातून गेले नसेल. हातभर उंचीची अक्षरे, चुन्यावर निळी. लेखकाची शैली आटोपशीर. क्रियापद शक्यतो नाहीच. ‘निराश’, ‘कमजोर’, ‘शंका’, ‘खात्रीशीर’, ‘एकदा अवश्य भेटा’. लक्षणांची यादी तर अशी बेमालूम, की सकाळी कुर्ल्याला चढून व्हीटीला उतरलेल्या कोणत्याही माणसाला ती लागू पडावी: थकवा, चिडचिड, पाठदुखी, झोप न येणे, कामात लक्ष नसणे. हे रोगाचे वर्णन नसून नोकरीचे आहे. वर ‘तीन पिढ्यांचा अनुभव’ अशी एक ओळ असते. अनुभव कशाचा, हा खुलासा नसतो.

रसशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर भिंतीवर भयानक रसाचा परिपोष उत्तम साधलेला आहे. पुढे आत गेल्यावर करुण येतो, आणि फी ऐकल्यावर अद्भुत. शांत रसाला जागा नाही, कारण वाचक शांत झाला तर पुढच्या आठवड्याचा डोस कोण घेणार? ‘धातू जाणे’ या दोन शब्दांवर तर या भिंतींनी घरे बांधली. वास्तविक त्यात आजार भीतीचा असतो, शरीराचा नव्हे. डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० साली या भीतीलाच ‘धात सिंड्रोम’ असे नाव देऊन ठेवले. पण भिंतीवर तेवढी ओळ रंगवायला जागा उरली नसावी.

गंमत पुढेच आहे. हे सगळे वाङ्मय बेकायदेशीर आहे. १९५४ सालापासून ‘ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज’ नावाचा कायदा आहे. कोणते रोग बरे करतो म्हणून औषधाची जाहिरात करायची नाही, याची चोपन्न रोगांची यादी त्याला जोडलेली आहे, आणि उपदंश, परमा वगैरे मंडळी तीत नावानिशी हजर आहेत. कायदा इंग्रजीत, भिंत मराठीत. दोघांची गाठ पडत नसावी.

एवढ्यावर भागले असते तर भिंतीला हसून सोडून देता आले असते. पण भिंतीची एक करामत अशी आहे, की तिथे हसू आवरते. उपदंशाची सुरुवात एका फोडापासून होते. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी तो येतो. तो बहुधा दुखत नाही, खाजत नाही, आणि काहीही न करता तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येतो. म्हणजे या काळात भिंतवाल्याने खडीसाखर दिली तरी फोड जाणार, आणि यश खडीसाखरेला मिळणार. रोग जात नाही. तो आत जातो. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांचे असेच झाले. फोड आला, भिंतवाल्याकडे गेले, फोड गेला. सत्यनारायण घातला. वर्षाच्या आत लग्न झाले. बायकोला दिवस गेले, नाव घालायला गेली तिथे सर्व गरोदर बायकांचे घेतात तसे तिचेही रक्त घेतले, आणि त्यात दोष निघाला. घरात जे काही झाले ते मी ऐकलेले आहे आणि लिहिणार नाही. एवढेच सांगतो, की वेळेवर कळले म्हणून पेनिसिलिनची इंजेक्शने मिळाली आणि मूल धडधाकट झाले. कळले नसते तर भिंतीवरच्या त्या निळ्या ओळीची किंमत त्या पोराने मोजली असती.

या वाङ्मयाची सगळी उलटापालट इथे आहे. जे खाजते, आग होते, झोप उडवते, त्याला लोक भितात. ते बहुतेक वेळा गजकर्ण, खरूज, नाहीतर घामोळे असते. तारुण्यात ओठांवर किंवा इतरत्र दिसणारे बारीक पांढुरके ठिपके पाहून पोरे महिनोन् महिने जीव खातात; ते तर नुसते तेलग्रंथींचे, रोगसुद्धा नव्हे. आणि जो फोड दुखत नाही, मुकाट्याने येतो नि मुकाट्याने जातो, त्याला ‘गेला बुवा एकदाचा’ म्हणून निरोप देतात. भीती आहे भरपूर, पण ती चुकीच्या पत्त्यावर टाकलेली आहे.

तिसरा प्रकार पत्राचा. मासिकांतल्या ‘डॉक्टरांचा सल्ला’ छापाच्या सदरात तो आढळतो. याचा नायक कायम ‘माझा एक मित्र’. मराठी माणसाला इतके आजारी मित्र असतील असे वाटत नाही. मित्राला झालेल्या पुरळाचे वर्णन इतके बारकाईने केलेले असते, की मैत्री किती घट्ट होती याची कल्पना यावी. शेवटी ‘नाव, गाव छापू नये’. १९८६ साली तेव्हाच्या मद्रासमध्ये भारतातला पहिला एचआयव्हीचा संसर्ग उघडकीला आला, आणि मग या मित्रांची संख्या भलतीच वाढली. डास चावला, सलूनमध्ये वस्तरा लागला, एकाच ग्लासातून पाणी प्यालो. मित्राचे काय होईल? डासाने आणि ग्लासाने काही होत नाही, हे सांगायला एक ओळ पुरते. पण उत्तर बहुधा असे असते: ‘घाबरू नका. तज्ज्ञांचा सल्ला घ्या.’ अहो, तज्ज्ञ म्हणूनच तुम्हाला विचारले ना त्याने! नाटकाच्या तिसऱ्या अंकात नायकाने प्रेक्षकांना ‘पुढचे तुम्हीच घरी जाऊन बघा’ म्हणावे, तसला प्रकार.

या प्रकारात एकच लेखक असा झाला, की ज्याने प्रश्नाला उत्तर दिले. र. धों. कर्वे. गणिताचा प्राध्यापक, त्यामुळे विशेषणांचा शौक नाही. १९२७च्या जुलैत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ काढले आणि १९५३ साली जाईपर्यंत एकट्याने चालवले. वाचकाने विचारायचे आणि त्यांनी आहे तसे सांगायचे. शरीराच्या भागांना नावे आहेत ती वापरायची, पाप-पुण्याचा हिशोब लावायचा नाही. या बेफिकीर साधेपणाबद्दल त्यांच्यावर खटले झाले. वाचकांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली जो झाला, त्यात त्यांची बाजू बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. तरी शिक्षा झाली, दंड भरावा लागला. म्हणजे ज्याने सरळ लिहिले तो कोर्टात, आणि ज्याने भिंत रंगवली तो तीन पिढ्या खुशाल. समीक्षक म्हणून माझे मत विचाराल, तर या सबंध वाङ्मयात गद्य म्हणावे असे गद्य कर्व्यांचेच. ते वाचून कुणाच्या अंगावर काटा येत नाही, हाच त्याचा गुण.

चौथा प्रकार ग्रंथ. मोठ्ठा वैद्यकीय ग्रंथ उघडायचा आणि आपल्याला काय काय झाले आहे ते पाहायचे, हा छंद जुना आहे. जेरोम के. जेरोम या इंग्रज विनोदकाराने १८८९ साली आपल्या ‘थ्री मेन इन अ बोट’ची सुरुवातच त्यावर केली. त्याच्या नायकाला पुस्तकातले जवळजवळ सगळे रोग झालेले निघतात. एक मोलकरणीच्या गुडघ्याचा तेवढा होत नाही, आणि त्याचेही त्याला वाईट वाटते. आता तो ग्रंथ खिशातल्या फोनमध्ये आला आहे आणि रात्री दोन वाजता पांघरुणात वाचला जातो. या ग्रंथाचा वाङ्मयीन दोष एकच. त्याला प्रमाण कळत नाही. लाखात एकाला होणारे आणि घरटी एकाला होणारे, दोन्ही तो एकाच टाइपात छापतो. वर चित्रे! ती तर अशी निवडलेली, की वर्षानुवर्षे औषधपाणी न केलेल्याची अवस्था पहिल्याच पानावर. पावसाचा अंदाज विचारावा आणि कुणी प्रलयाचा फोटो दाखवावा, तसे ते आहे.

मग या वाङ्मयात वाचावे असे काहीच नाही का? आहे. पाचवा प्रकार. त्याची कोणी वाङ्मयात गणना करत नाही, पण माझ्या मते ही या विषयावरची सर्वोत्तम कृती. आकाराने पोस्टकार्डाएवढी. लेखक लॅबोरेटरीतला कोणी अनामिक. तिच्यात अलंकार नाहीत, आरोप नाही, शेजाऱ्याचे नाव नाही, देवाचा कोप नाही. ती रक्ताच्या तपासणीचा रिपोर्ट होय. व्हीडीआरएल नावाची उपदंशाची तपासणी १९४६ सालची. म्हणजे आपल्या स्वातंत्र्यापेक्षा वर्षाने मोठी, आणि अजून नोकरीत आहे. कातडी जे चार शब्दांत धड सांगू शकत नाही, ते रक्त एका शब्दात सांगते.

एवढे मात्र आहे, की रक्ताला बोलायला वेळ द्यावा लागतो. संबंध आला त्याच्या दुसऱ्या दिवशी धावत जाऊन रक्त दिले तर ते गप्प बसते, आणि त्या गप्प बसण्याला ‘सुटलो’ समजण्यात अर्थ नाही. एचआयव्हीच्या नव्या तपासण्या साधारण सहा आठवड्यांनी भरवशाचे उत्तर देतात, पक्के हवे तर तीन महिन्यांनी पुन्हा एकदा विचारावे. मात्र धोका कालपरवाचाच असेल, तर तपासणीसाठी थांबू नये. बहात्तर तासांच्या आत सुरू केली तर एचआयव्ही टाळणारी औषधे असतात, आणि ती घड्याळ पाहून मागायची असतात. फोड अंगावर असेल तर तो वाळायची वाट न पाहता दाखवावा. आणि दाखवायला जिन्याखाली घुटमळायचेही कारण नाही. सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ नावाची खोली असते. तिथे पैसे पडत नाहीत. एक समुपदेशक बसलेला असतो आणि त्याला ‘मित्रा’ची गोष्ट पाठ असते. तो ती शांतपणे ऐकून घेतो आणि मग विचारतो, ‘बरं, आता तुमचं सांगा.’

जोडीदाराला घेऊन गेले तर उत्तम. एकट्याने औषध घेणे म्हणजे गळक्या घराच्या एकाच कौलावर डांबर फासणे. पाणी दुसरीकडून येतेच.

रिपोर्टवर बहुतेक वेळा एकच शब्द असतो: ‘नॉन-रिअॅक्टिव्ह’. या एका शब्दावर थोराड माणसांना लॅबच्या पायरीवर बसून रडताना मी पाहिले आहे. एवढा परिणाम साधणारा एकशब्दी लेखक आमच्या साहित्यात दुसरा नाही. आणि समजा, उलट निघाले, ‘रिअॅक्टिव्ह’ आले. तरी पुढचा मजकूर भिंतीने सांगितला त्याहून फार आखूड आहे. सुरुवातीच्या उपदंशाला पेनिसिलिनचे एक इंजेक्शन, कमरेत. १९४३ साली पहिल्यांदा दिले, तेव्हापासून हा जंतू पेनिसिलिनला सरावलेला नाही. एचआयव्ही निघाला तर गोळ्या रोज, पण माणूस आपले आयुष्य जगतो. २००४ सालापासून सरकारी केंद्रांत त्या फुकट मिळतात. इंजेक्शन दुखते हे खरे. पण दुखते कमरेत, इभ्रतीत नव्हे. आणि खालच्या हॉटेलात चहा येईपर्यंत थांबतेसुद्धा.